चुन्याच्या एका खड्यातून एन्ट्रॉपी: रासायनिक अभिक्रियांचा हिशेब पायरीपायरीने

दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा म्हणून आजोबा पत्र्याच्या जुन्या पिंपात कळीचा चुना भिजत घालायचे. पांढरे खडे दिसायला दगडासारखेच, पण हातात घेतले की वजनाला भलतेच हलके. वरून पाणी ओतलं की आधी क्षणभर काहीच व्हायचं नाही. मग एखादा खडा चर्र करायचा, तडकायचा, फुलायचा, आणि पिंपाखाली जाळ नसताना आतलं पाणी खदखदू लागायचं. आम्हा मुलांना दहा हात लांब उभं केलेलं असायचं, आणि ते योग्यच होतं. हा चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर एन्ट्रॉपीचा धडा मी नेहमी याच खड्यापासून सुरू करत आलो. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो, पाणी घातलं की विरलेला चुना होतो, आणि तो भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पुन्हा चुनखडीच होतो. एका दगडाच्या या फेरीत एन्ट्रॉपी एकदा वाढते आणि दोनदा घटते, तरीही तिन्ही अभिक्रिया बिनबोभाट होतात. हे कसं, ते आकड्यांनिशी समजलं की बाकीची उदाहरणं फारशी अडत नाहीत. बारावीचं गणित पुरतं. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पहिली पायरी: ‘अव्यवस्था’ हा शब्द जरा बाजूला ठेवा

‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ हे पाठ करून आलेला विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या गणितात हमखास अडखळतो. अस्ताव्यस्त खोलीचं उदाहरण तर मला मुळीच पटत नाही. खोलीतली पुस्तकं आपणहून हलत नाहीत, रेणू मात्र सतत हलत असतात, एकमेकांवर आदळत असतात आणि ऊर्जेची देवघेव करत असतात.

त्याऐवजी नाणी घ्या. चार नाणी उडवली तर चारही छापे पडण्याचा एकच प्रकार आहे, पण दोन छापे आणि दोन काटे पडण्याचे सहा प्रकार आहेत. शंभर नाणी घेतली तर सगळे छापे पडण्याचा प्रकार तरीही एकच, आणि पन्नास-पन्नास पडण्याचे प्रकार मात्र एकावर एकोणतीस शून्यं इतके. कुठलंही नाणं कुठल्याही बाजूला ओढलं जात नाही. ज्या स्थितीचे प्रकार जास्त, तीच आपल्याला बहुतेक वेळा दिसते, एवढंच. आता लक्षात घ्या, एका मोल पदार्थात ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके कण असतात. तिथे ‘बहुतेक वेळा’चा अर्थ ‘नेहमीच’ असा होतो.

कण आणि त्यांच्यातली ऊर्जा किती प्रकारे मांडता येते, याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. लुडविग बोल्ट्झमन यांच्या व्हिएन्नातल्या थडग्यावर कोरलेलं सूत्र हेच सांगतं: एन्ट्रॉपी म्हणजे एक स्थिरांक गुणिले मांडणीच्या प्रकारांच्या संख्येचा लॉगरिदम. ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द मात्र त्याआधीचा, १८६५ साली रुडॉल्फ क्लॉसियस यांनी घडवलेला. त्यांनी रेणूंचा विचार न करता उष्णतेवरून व्याख्या केली होती: व्युत्क्रमी पद्धतीने, म्हणजे केव्हाही उलट फिरवता येईल इतक्या सावकाश, दिलेली उष्णता भागिले केल्विनमधलं तापमान. आकडेमोडीला आपल्याला हीच व्याख्या जास्त उपयोगी पडेल.

दुसरी पायरी: नेहमी दोन वह्या ठेवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी ठेवा.

एकोणिसाव्या शतकात मार्सेलां बर्थलो यांच्यासारखे मोठे रसायनशास्त्रज्ञ असं धरून चालत की उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रियाच आपणहून होते. ज्या शेतकऱ्याने फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवला आहे, त्याला यातली खोट ठाऊक असते, कारण बादली बाहेरून गार पडते. घरी करून पाहा. १०० मिलिलिटर पाण्यात ३० ग्रॅम युरिया टाका, ढवळा आणि थर्मामीटर धरा. पारा साधारण दहा ते पंधरा अंशांनी खाली उतरतो. पाण्याने उष्णता दिली, कुणी भाग पाडलं नाही, आणि युरिया तरी विरघळला. स्फटिकात जागच्या जागी बसलेले रेणू पाण्यात पसरले, त्यांच्या मांडणीचे प्रकार अफाट वाढले आणि त्या वाढीने उष्णतेची किंमत चुकती केली.

म्हणून पहिल्या वहीत प्रणालीची एन्ट्रॉपी लिहायची, म्हणजे अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांची. दुसऱ्या वहीत परिसराची लिहायची, म्हणजे भोवतालच्या हवेची, भांड्याची, भट्टीच्या भिंतीची. दोन्हींची बेरीज धन आली तर अभिक्रिया आपणहून होऊ शकते. ऋण आली तर होत नाही, उलट दिशेची होते. शून्य आली तर समतोल.

परिसराची वही भरायला सोपी आहे: अभिक्रियेने बाहेर टाकलेली उष्णता भागिले तापमान. उष्णता शोषली असेल तर उत्तर ऋण.

भागाकार तापमानानेच का? शांत वाड्यात चार पाहुणे आले तर अख्खा वाडा हलतो, तेच चौघे जत्रेत शिरले तर कुणाला पत्ताही लागत नाही. थंड परिसरात रेणूंची धावपळ कमी असते, म्हणून तेवढ्याच उष्णतेने तिथे मोठा फरक पडतो.

बर्फावर हे तपासून घेऊ. एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम, बर्फ वितळताना ६०१० ज्यूल शोषतो आणि त्याची स्वतःची एन्ट्रॉपी २२.० ज्यूल प्रति केल्विनने वाढते. बाहेर १० अंश सेल्सिअस, म्हणजे २८३ केल्विन असेल तर परिसर ६०१० भागिले २८३, म्हणजे २१.२ गमावतो. बेरीज +०.८, बर्फ वितळतो. बाहेर उणे १० अंश, म्हणजे २६३ केल्विन असेल तर परिसर २२.९ गमावतो. बेरीज −०.९, बर्फ तसाच राहतो. शून्य अंशाला दोन्ही वह्या बरोबर जुळतात. वितळणबिंदू दुसरं-तिसरं काही नसून जिथे या दोन वह्या जुळतात ते तापमान आहे.

तिसरी पायरी: आकडे गोळा करा

चुन्याच्या फेरीत पाच पदार्थ येतात. २५ अंश सेल्सिअसला, एका मोलसाठी, पहिला आकडा निर्मितीच्या एन्थाल्पीचा, म्हणजे मूलद्रव्यांपासून पदार्थ बनताना शोषलेल्या उष्णतेचा, बाहेर टाकली तर ऋण (किलोज्यूलमध्ये) आणि दुसरा प्रमाण एन्ट्रॉपीचा (ज्यूल प्रति केल्विनमध्ये):

चुनखडी (कॅल्शिअम कार्बोनेट): −१२०७.६ आणि ९१.७
कळीचा चुना (कॅल्शिअम ऑक्साइड): −६३४.९ आणि ३८.१
कार्बन डायऑक्साइड वायू: −३९३.५ आणि २१३.८
पाणी, द्रव: −२८५.८ आणि ७०.०
विरलेला चुना (कॅल्शिअम हायड्रॉक्साइड): −९८५.२ आणि ८३.४

इथे दोन गोष्टी ठळक करून ठेवा. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आहे, एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. परीक्षेत निम्मी गणितं इथेच घसरतात, उत्तर हजार पटीने चुकतं. आणि दुसरं, मूलद्रव्यांच्या निर्मितीची एन्थाल्पी शून्य धरतात म्हणून त्यांची एन्ट्रॉपीही शून्य, असं मुळीच नाही. ऑक्सिजनची २०५ आहे, हायड्रोजनची १३०.७. एन्ट्रॉपीला खरा शून्य आहे: निरपेक्ष शून्य तापमानाला निर्दोष स्फटिकाच्या मांडणीचा एकच प्रकार उरतो. वाल्थर नर्न्स्ट यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या विचारातून हा तिसरा नियम उभा राहिला. म्हणून तक्त्यातली एन्ट्रॉपी हा फरक नसतो, अख्खी रक्कम असते.

चौथी पायरी: गणिताआधी अंदाज बांधा

समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वायूंचे मोल मोजा. वायू वाढले तर प्रणालीची एन्ट्रॉपी वाढणार, घटले तर घटणार. कारण जागेचं आहे. १०० ग्रॅम चुनखडी साधारण ३७ घन सेंटिमीटरमध्ये मावते, म्हणजे मुठीत सहज. त्यातून सुटणारा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाला सुमारे साडेचोवीस लिटर जागा घेतो, म्हणजे पाण्याच्या मोठ्या जारहूनही जास्त.

वायू नसतील तेव्हा मात्र अंदाज सावधपणे करा. ‘विरघळलं की एन्ट्रॉपी वाढते’ हे युरियाला लागू पडतं, चुन्याला नाही. चुना पाण्यात विरघळला की कॅल्शिअमच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू दाटीवाटीने जखडले जातात आणि एकूण एन्ट्रॉपी घटते. याचा पुरावा चुलीवर मिळतो: चुन्याची स्वच्छ, संपृक्त निवळी तापवा, ती गढूळ होते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना कमी.

पाचवी पायरी: भट्टी

चुनखडी → कळीचा चुना + कार्बन डायऑक्साइड

पहिली वही: ३८.१ + २१३.८ − ९१.७ = +१६०.२ ज्यूल प्रति केल्विन.
लागणारी उष्णता: −६३४.९ − ३९३.५ + १२०७.६ = +१७९.२ किलोज्यूल.

खोलीच्या तापमानाला (२९८ केल्विन) परिसर १७९२०० भागिले २९८, म्हणजे ६०१ गमावतो. बेरीज −४४१. म्हणून चुनखडीचे डोंगर उन्हात तापून विरत नाहीत. भट्टीत ९०० अंश सेल्सिअस, म्हणजे ११७३ केल्विन आहे असं धरा. उष्णता जवळपास तेवढीच लागते, पण भागाकार मोठ्या संख्येने होतो: १७९२०० भागिले ११७३, म्हणजे १५२.८. बेरीज +७.४. दगड फुटतो.

भट्टी दगडाला उष्णता पुरवते हे खरंच, पण ती इतक्या वरच्या तापमानाला पुरवते की दुसऱ्या वहीतला खर्च कमी पडतो. हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या, अभिक्रिया ‘तापवल्यावर’ का होतात, याचं उत्तर यात आहे.

दोन्ही वह्या जुळण्याचं तापमान काढायचं असेल तर उष्णतेला एन्ट्रॉपीने भागा: १७९२०० भागिले १६०.२, म्हणजे १११९ केल्विन, सुमारे ८४५ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण असताना हे तापमान ९०० अंशांच्या जवळ असतं. पन्नासेक अंशांचा फरक येतो, कारण आपण २५ अंशांचे आकडे थेट भट्टीत नेले आणि ते तापमानाबरोबर थोडे सरकतात. शिवाय भट्टीतून वारा वाहता ठेवला की सुटलेला वायू निघून जातो, त्याचा दाब कमी राहतो आणि दगड थोड्या कमी तापमानालाही भाजला जातो. म्हणून भट्टीला चांगला झोत लागतो. मुंबईत चुनाभट्टी हे नाव ज्या भट्ट्यांवरून पडलं, त्या भट्ट्यांवरच्या माणसांना हे हाताने ठाऊक असणार. नीट भाजला गेलेला खडा आकाराने जवळपास तेवढाच राहतो, पण १०० किलो दगडाचा ५६ किलो होतो. हाताला हलका लागतो तो यामुळे. जड लागला तर आत दगड कच्चा आहे असं समजा.

सहावी पायरी: दोन वह्या एकाच ओळीत

दर वेळी परिसराचा हिशेब वेगळा करायचा कंटाळा येतो. येल विद्यापीठातल्या जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७०च्या दशकात यावर वाट काढली: एन्थाल्पीतल्या फरकातून तापमान गुणिले प्रणालीच्या एन्ट्रॉपीतला फरक वजा करा. उरते ती गिब्ज ऊर्जा. ती ऋण आली तर अभिक्रिया आपणहून होऊ शकते.

चुनखडीसाठी खोलीच्या तापमानाला: १७९.२ − (२९८ × ०.१६०२) = +१३१.५ किलोज्यूल. धन आली, म्हणून नाही. आता मघाची −४४१ ही बेरीज २९८ ने गुणून पाहा. चिन्ह सोडलं तर तोच आकडा येतो. गिब्ज ऊर्जा म्हणजे दोन्ही वह्यांची बेरीज, उलट चिन्हाने आणि ऊर्जेच्या एककात. विद्यार्थी सूत्र पाठ करतात आणि हे नातं विसरतात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

हातासरशी एक गणित तुम्ही करा. मॅग्नेशिअम कार्बोनेट (−१०९५.८ आणि ६५.७) फुटून मॅग्नेशिअम ऑक्साइड (−६०१.६ आणि २७.०) आणि कार्बन डायऑक्साइड होतो. वह्या किती तापमानाला जुळतात? उत्तर ५७५ केल्विन, सुमारे ३०२ अंश सेल्सिअस यायला हवं.

सातवी पायरी: पिंप आणि भिंत

कळीचा चुना + पाणी → विरलेला चुना

पहिली वही: ८३.४ − ३८.१ − ७०.० = −२४.७. एन्ट्रॉपी घटली, मोकळं पाणी स्फटिकात बांधलं गेलं. पण उष्णता सुटते ६४.५ किलोज्यूल, आणि ती २९८ केल्विनच्या परिसरात +२१६ जमा करते. बेरीज +१९२. किलोच्या भाषेत सांगायचं तर एक किलो कळीचा चुना साडेअकराशे किलोज्यूल बाहेर टाकतो. हिशेबाने एवढ्यात ३० अंशांवरचं जवळपास चार लिटर पाणी उकळीला येईल. आजोबांचं पिंप का खदखदायचं ते इथे कळतं.

विरलेला चुना + कार्बन डायऑक्साइड → चुनखडी + पाणी

निवळीत नळीने फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया. भिंतीवर ती सावकाश होते. पहिली वही: ९१.७ + ७०.० − ८३.४ − २१३.८ = −१३५.५. वायू नाहीसा झाला, त्यामुळे घट मोठी. सुटणारी उष्णता ११४.७ किलोज्यूल, परिसराला +३८५. बेरीज +२४९. मात्र तक्त्यातला कार्बन डायऑक्साइड एक बार दाबाचा आहे आणि हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. इतक्या विरळ वायूची एन्ट्रॉपी प्रति मोल आणखी ६५ ने जास्त असते, म्हणजे त्याला भिंतीत कोंडणं तेवढं महाग पडतं. ते वजा करून उरतात +१८४. तरीही भरपूर.

मग भिंत लगेच का घट्ट होत नाही? कारण एन्ट्रॉपी दिशा सांगते, वेग सांगत नाही. जाड भिंतीच्या पोटातला चुना पक्का व्हायला वर्षंही लागतात, कारण वायूला आत झिरपत जावं लागतं. याहून ठळक उदाहरण हिऱ्याचं. खोलीच्या तापमानाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं हिशेबात बसतं, पण अंगठीतला हिरा काळा पडत नाही.

अमोनियाच्या कारखान्यात ही ओढाताण रोज चालते. अलिबागजवळच्या थळच्या प्रकल्पातही तीच. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया बनतो. चार मोल वायूचे दोन झाले, म्हणून एन्ट्रॉपी १९८ ने घटते, आणि ९२ किलोज्यूल उष्णता सुटते. एक बार दाबाला वह्या १९० अंश सेल्सिअसच्या आसपास जुळतात, त्याच्या वर बेरीज उलटते. पण इतक्या कमी तापमानाला अभिक्रिया रांगते. म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक घालून तापमान ४०० ते ५०० अंशांवर नेतात आणि त्यामुळे झालेला तोटा दाबाने भरून काढतात. आधीच दाबून ठेवलेल्या वायूची एन्ट्रॉपी कमी असते, तेव्हा गमावण्यासारखंही कमीच उरतं. उत्प्रेरक कुठल्याही वहीतला आकडा बदलत नाही, फक्त वेग वाढवतो.

शेवटची पडताळणी: फेरी पूर्ण करा

तिन्ही अभिक्रियांच्या पहिल्या वह्या एकाखाली एक लिहा: +१६०.२, −२४.७, −१३५.५. बेरीज शून्य. एन्थाल्पी: +१७९.२, −६४.५, −११४.७. हीही शून्य. चुनखडीपासून निघालो आणि चुनखडीपाशी आलो, तर प्रणालीला काहीच कमवता-गमावता येत नाही. तुमची बेरीज शून्य येत नसेल तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे, मागे जाऊन शोधा. कोणत्याही फेरीला ही कसोटी लावता येते.

आता एकूण बेरजा मांडा. भट्टीत +७, पिंपात +१९२, भिंतीवर +१८४, मिळून ३८३. दगड होता तसा झाला, पण हे ३८३ ज्यूल प्रति केल्विन जगाच्या खात्यावर कायमचे चढले. ते आले कुठून, ते पाहा. कोळशाची उष्णता ११७३ केल्विनला दगडात शिरली आणि तेवढीच उष्णता पिंपातून आणि भिंतीतून २९८ केल्विनला बाहेर पडली. १७९२०० ला दोन्ही तापमानांनी भागून फरक काढला तर सुमारे ४४८ येतो. त्यातून विरळ वायू पुन्हा गोळा करण्याचे ६५ वजा केले की ३८३ उरतात.